रेणुकेचा कोरा रकाना

कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर गाडी लागली तसा मी खिडकीतून रुमाल टाकला आणि तिघांची जागा धरली. निघालो होतो दोघंच, मी आणि नात रेणुका. माझी बायको कौसा जाऊन आठ महिने झाले, हाताला अजून ते कळत नाही. तिसऱ्या जागेवर रेणुकानं भाकरीची पिशवी ठेवली.

रेणुका शेतीच्या कॉलेजात शिकते. तिला इंटर्नशिप (कंपनीत शिकाऊ म्हणून राहणं) पाहिजे, त्याशिवाय वर्ष पुरं होत नाही. जालन्यातल्या दोन बियाण्याच्या कंपन्यांनी नाही म्हटलं होतं. ही तिसरी. दोन्ही वेळा पोरगी एकटीच रडत आली, म्हणून या खेपेला मी सोबत.

अंबडपर्यंत दोन्ही अंगांना कपाशी फुलावर आलेली. कौसा असती तर कुणाच्या रानात खुरपणी झाली नाही ते सांगत बसली असती. मला तेव्हा कटकट वाटायची.

कंपनीत पोचलो. रेणुका आत गेली आणि माझा चहा संपायच्या आत बाहेर आली.

"काय म्हणले?"

"अनुभव न्हाई म्हणले, आबा. फॉर्मवरचा रकाना कोराच होता."

"कोरा कामून? सहा वर्सं आजीसंगं क्रॉसिंगला कोण जायचं, मी?" (क्रॉसिंग म्हणजे कपाशीच्या फुलाला दुसऱ्या वाणाचा पराग हातानं लावणं.)

"ते रोजंदारीचं काम, आबा. ते कुणी लिहितं का?"

लिंबाखाली भाकरी सोडली. ठेचा मी केलेला, मीठ जास्त झालेलं. दोघांनीही गुमान खाल्ला. कौसानं पराग लावलेली फुलं कधी कधी गळून पडायची. दुसऱ्या दिवशी ती त्याच झाडाच्या दुसऱ्या फुलाला हात घालायची. म्हणायची, "झाडावर रुसून कुठं जाऊ?"

"जा आत," मी म्हटलं.

"आत्ताच तर न्हाई म्हणले."

"मंग बराबर हाय. आता तोंडओळख झाली."

मीही मागून गेलो. टेबलामागच्या मॅडम वैतागल्या, "पुन्हा आलात?"

रेणुकानं क्रॉसिंगचं सांगितलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं. "करून दाखव."

मागच्या रानात नेलं. उन्हं कलली होती, कळ्या सोलायची वेळच ती. उद्या उमलणारी कळी रेणुकानं धरली, अंगठ्याच्या नखानं चीर दिली, पाकळ्या आणि पुंकेसर एका फिरकीत काढले. पराग लावायची मधली काडी शाबूत. थेट कौसाचा अंगठा. मी तोंड फिरवून बांधाकडं बघत राहिलो.

"कुणी शिकवलं?" मॅडम वाकून बघत म्हणाल्या.

"आजीनं."

"सोमवारपासून ये. आणि तो रकाना भर आधी."

मी चौथी शिकलेला. तिनं लिहिलेलं एकेक अक्षर लावत वाचलं: 'सहा वर्षे, आजी कौसाबाई यांच्या हाताखाली'.

परतीच्या गाडीतही मी तिघांचीच जागा धरली. एका म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "हितं कोन हाय?" रेणुका माझ्याकडं बघायला लागली. मी पिशवी मांडीवर घेतली. "बसा."

अंबड सुटलं. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कुणाचं रान हाय हे? नुसतं तण." कौसाही असंच म्हणाली असती.

"हो," मी म्हटलं, "आन् त्या पलीकडचं?"