निळ्या दोरीच्या टोकाला

आमच्या शुक्रवारच्या ग्रुपमध्ये सायकल थोडी चालते आणि किस्से फार होतात. सायकलीचं एक बरं असतं, घरी आलं की पुसून गॅलरीत उभी करता येते. किस्से कुठे ठेवायचे? मस्कतच्या आमच्या फ्लॅटमध्ये आधीच जागा नाही. म्हणून लिहून मोकळी होते.

मी सातवीपर्यंत शिकले. गुहागरजवळच्या आमच्या गावात मला सायकल मिळाली होती ती शाळेत जायला. शाळा सुटली तशी सायकल भावाकडे गेली. परत हातात आली ती थेट ओमानात, लिमये काकांमुळे. काका पुण्याचे, इंजिनीयर, मदिनत सुलतान काबूसला राहतात. काकू शनिवारी मुलांना मराठी शिकवतात. माझी झोया, आठ वर्षांची, तिकडे जाते. एकदा काकू म्हणाल्या, "शुक्रवारी सायकलवर ये गं शबाना. आमच्यात कुणीच जोरात चालवत नाही."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी हो म्हटलं.

*

ह्या सगळ्याची सुरुवात काकांच्या जर्मनीपासून. ते लेकीकडे गेले होते. तिथे नदीच्या कडेने, आणि जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेल्या रस्त्याने, ते रमतगमत सायकल चालवून आले. परत आल्यावर म्हणाले, "हेच आपण इथे करायचं!"

काकू म्हणाल्या, "अहो, इथे नदी नाही."

"वादी आहे ना! वादी म्हणजे सुट्टीवर गेलेली नदी."

"आणि रेल्वे? ती तर कधी नव्हतीच."

काकांनी जरा विचार केला. "तिकडे रूळ उखडावे लागले. इथे तेवढं काम वाचलं!"

तेव्हापासून आम्ही वादीच्या कडेने आणि फलजच्या कडेने फिरतो. फलज म्हणजे खजुराच्या बागांना पाणी नेणारा दगडी पाट. आमच्याकडे सुपारीच्या बागेत असतो तसा, फक्त खूप जुना आणि खूप लांब.

*

रेल्वेची हौस राहिली होती म्हणून काकांनी गार्डची शिट्टी आणली. थांबायचं ठिकाण आलं की शिट्टी वाजवायची आणि ओरडायचं, "पोहे जंक्शन!" मग काकू डबा उघडणार.

निझवाकडच्या एका गावात काकांनी शिट्टी फुंकली, तर डोंगरावरून बकऱ्याच बकऱ्या खाली आल्या. त्यांचा मालक शिट्टी वाजवून त्यांना चारा घालायचा. बकऱ्या आमच्याभोवती उभ्या राहिल्या आणि हलेनात. मागून मालक आला. त्याने शिट्टी बघितली, काकूंच्या हातातला डबा बघितला आणि काकांना शांतपणे म्हणाला, "बजाया ना? अब खिलाओ."

बकऱ्यांनी पोहे खाल्ले. एकीने तेवढ्या मिरच्या बाजूला ठेवल्या.

काकू म्हणाल्या, "अगदी ह्यांच्यासारखी."

*

बिरकत अल मौज गावात एका म्हाताऱ्या ओमानी बाबांनी आम्हाला अंगणात बोलावलं. खजूर आले, कहवा म्हणजे इथली वेलचीची कॉफी आली. इथली पद्धत अशी, की कप रिकामा दिसला की यजमान भरणार. आणि काकांच्या घरची पद्धत अशी, की पुढ्यात आलेलं टाकायचं नाही. बाबा भरतायत, काका संपवतायत. दोघंही संस्कारी!

काका "खलास, खलास" म्हणत होते, पण हसून. हसून म्हटलेलं खलास कोण ऐकतो? बास म्हणायचं असेल तर कप हलवून परत द्यायचा असतो. हे आमच्यापैकी कुणालाच, इतकी वर्षं इथे काढलेल्या काकांनासुद्धा, माहीत नव्हतं.

शेवटी इतका कहवा पोटात गेला, की काकांचा हातच थरथरायला लागला. कप आपोआप हलला. बाबांनी लगेच किटली खाली ठेवली.

*

काका उंच, मिशा भरघोस, पण आवाज बारीक. चढावर धाप लागली की आणखी बारीक होतो. एकदा वादीत टायर पंक्चर झाला. काकांनी सायकलच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, आप छाँव में बैठिए, हम अभी आता है."

तो आला. मॅडमसाठी फोल्डिंगची खुर्ची आणि थंड ताक घेऊन आला. मिशा बघून थबकला.

काका पुढे झाले. खुर्चीवर बसून ताक प्याले. काकू शेजारी उभ्या.

*

आता माझं. मला भीती वाटते. ढगाची वाटते, कुत्र्याची वाटते, गाडीची वाटते, आणि समोर काहीच नसेल तर जास्त वाटते. झोयाचे अब्बा दूर दुक्मला प्रोजेक्टवर. आम्ही दोघीच इथे. पाऊस आला की कोरड्या वादीला अचानक लोंढा येतो, असं कुणीतरी मला सांगून ठेवलंय. म्हणून दर शुक्रवारी निघण्याआधी मी ह्यांना फोन करते.

"तिकडे ढग आहे का हो?"

"अगं, इथे आत यायला गेटपास लागतो. ढगाला कोण देणार?"

मग मी निघते. पण दोरी बांधून. कपडे वाळत घालायची निळी दोरी. एक टोक माझ्या कॅरियरला, दुसरं झोयाच्या हँडलला. मी पुढे, ती मागे. मधूनमधून मी विचारते, "झोया, आहेस ना?" ती म्हणते, "आहे!" की माझ्या जिवात जीव.

पहिल्या शुक्रवारी नुसतं "आहे"वर माझं भागलं नाही. मान वळवून बघितलं, आणि सायकलसकट फलजमध्ये गेले! झोया कोरडी, वर उभी. "अम्मी, तू आहेस ना?"

तेव्हापासून फलजच्या कडेने मी मागे बघत नाही. नुसतं विचारते.

*

एका शुक्रवारी झोयाच्या वर्गातली एक मुलगी ग्रुपमध्ये आली. दोरी बघून फिसकन हसली. त्यानंतर शुक्रवार आला की झोयाच्या पोटात दुखायला लागलं. मी ओवा दिला. ती म्हणाली, "अम्मी, आय ॲम नॉट अ बकरी. दोरी असेल तर मी नाही येणार. नेव्हर."

सायकल आवडणारी पोर, आणि घरी बसणार म्हणते. पण दोरी सोडायची म्हटलं की माझ्या हाताला घाम.

काका म्हणाले, "शबाना, एकदा सोडून तर बघ."

"सोडेन, इन्शाल्ला."

काकांचा अर्धा जन्म गल्फमध्ये गेलाय. म्हणाले, "म्हणजे नाही."

मग ते झोयाशी काहीतरी कुजबुजले. पुढच्या शुक्रवारी तिच्या पोटात दुखलं नाही. ओव्याचा गुण, मी म्हटलं.

*

परत बिरकत अल मौज. बाकीचे बागेबाहेरच्या रुंद रस्त्याने निघाले. मी आपली फलजच्या कडेने, कारण तिथे गाडी येत नाही. वाट एका सायकलीपुरती. मी दोरी बांधली, गाठ ओढून बघितली. काका झोयाजवळ वाकून बुटाची नाडी बांधत होते. मी सीटवर बसले, समोर बघितलं आणि म्हटलं, "यल्ला!"

पोर आज फार जड लागत होती. पोहे दोनदा घेतले होते तिने.

"झोया, आहेस ना?"

"आहे!"

दोरी ताठ होती. मी निश्चिंत. जरासा चढ आला तशी माझी मांडी भरून आली.

"झोया, आहेस ना?"

"आ...हे!"

"धाप लागली का बेटा? सर्दी आहे का?"

"नाही, अम्मी."

कधी नव्हे ती शुद्ध मराठीत बोलत होती. काकूंच्या क्लासचा फायदा, मी म्हटलं.

खजुराची झाडं संपली, ऊन आलं. समोर चिंचेच्या झाडाखाली काकू उभ्या होत्या. त्यांच्या शेजारी झोया. हेल्मेट काढलेलं, तोंड लाल, सायकल भिंतीला टेकवलेली. मला बघून दोन्ही हात हलवायला लागली.

मी ब्रेक दाबला. दोरी अजून ताठ होती. सवयीचंच तोंडातून गेलं, "झोया, आहेस ना?"

मागून आवाज आला, "आहे!"