करार झाल्यावर बांधलेली घुंगरमाळ

आज बार्शीहून तुळजापूरला जायचं म्हणजे गाडी काढली की झालं. वाटेत येडशीला थांबा, रामलिंगाचं दर्शन घ्या, माकडांपासून केळी सांभाळा. मी मात्र येडशीला उतरत नाही. का, ते सांगतो.

हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन काही वर्षं झाली होती. मी नुकताच कारकून म्हणून चिकटलो होतो. आत्या म्हणाली, "तुळजापूरच्या आईची ओटी भरायची हाय, घिऊन चल." तिचे यजमान, आमचे आतोबा, गाडीवान. मीठ नि रॉकेल भरून निजामाच्या मुलखात गेले ते परतलेच नव्हते. कुणी म्हणे तुरुंगात आहेत, कुणी म्हणे हैदराबादेत दिसले. आत्या रोज कुंकू लावायची. ते परत यावेत म्हणूनच ही ओटी होती.

बार्शीकरांना निजामाचं राज्य म्हणजे शेजारचा देशच. नाका वेगळा, जकात वेगळी. स्वातंत्र्य आलं, पण निजाम भारतात यायला तयार होईना. तंटा वाढला तसे आमचे गाडीवान बैलांच्या गळ्यातल्या माळा काढून आडवाटेनं, आवाज न करता जाऊ लागले. मग दिल्लीचा आणि हैदराबादचा 'जैसे थे' करार झाला. वर्षभर सगळं होतं तसं चालेल, म्हणे. पेठेत पेढे वाटले. आतोबांनी घुंगरमाळ पुन्हा बांधली. मधलं एक घुंगरू निखळलं होतं, तिथं आत्यानं देवघरातली दांडा मोडलेली घंटी ओवली. "करार झालाय, आता चोरावानी कशाला जायचं?" म्हणत ते राजरस्त्यानं निघाले. व्यापार खुला झाला हे सगळ्यांनी सांगितलं. रस्ता कोण राखणार, हे कुणी विचारलंच नाही.

तर आम्ही छोट्या रेल्वेनं निघालो. ती इतकी संथ, की उतरून हुरडा खाऊन पुन्हा चढावं. येडशीला धाराशिवच्या मोटारीची वाट बघत हॉटेलात बसलो. भजी झकास, चहा नुसता गुळाचा. मालकानं विचारलं, "कलदार देणार का हाली?" कलदार म्हणजे आपला रुपया. निजाम गेला, पण त्याचं हाली नाणं अजून गल्ल्यात होतं.

तेवढ्यात रस्त्यानं एक बैलगाडी आली. घुंगरांच्या आवाजात मधेच एक बारीक, देवळातल्यासारखी किणकिण. आत्याच्या हातातला कप तिथंच राहिला. ती उठून गाडीला आडवी गेली आणि तिनं बैलाच्या गळ्यातली माळ धरली.

"ही कुठली?"

गाडीवाला म्हातारा शेतकरी होता. त्यानं आधी तिच्याकडं, मग कुंकवाकडं पाहिलं.

"माय, लई जुनी गोष्ट हाय. आमच्या वढ्यात गाडी लुटली हुती. बंदूकवाले व्हते, कोण ते म्या न्हाय बघितलं. घुंगरं लांबनं ऐकू आली, तवाच ते दबा धरून बसले. माणूस गेला, एक बैल गेला. माळ तेवढी म्या काढून घेतली."

"अग्नी दिला?"

"दिला, माय. आमीच दिला."

"मग कळवलं का न्हाय?"

"कुणाला कळवायचं? नाक्यापल्याड जायची छाती कुणाची?"

"करार व्हता की!"

"व्हता," म्हातारा खाली बघत म्हणाला आणि माळ सोडवून तिच्या हातात दिली.

मी म्हणालो, "आत्या, घरी जाऊ." तिनं माळ पिशवीत खणा-नारळाखाली ठेवली. "गप बस. तू काय ऐकलं न्हाईस. आधी ओटी."

तुळजापूरला तिनं ओटी भरली, सवाष्णीसारखी, मळवट भरून. पुजाऱ्यानं "अखंड सौभाग्यवती भव" म्हटलं. तिनं वाकून नमस्कार केला. मला त्या पुजाऱ्याचा, देवीचा, करारावर सह्या करणाऱ्या साऱ्यांचा संताप आला होता. अजून येतो.

बार्शीला परतल्यावर आत्या न्हाणीत गेली, तोंड धुऊन मोकळ्या कपाळानं बाहेर आली. घंटी माळेतून सोडवून देवघरात ठेवली. मग मला म्हणाली, "तू हापिसात असतोस. ज्यांनी त्यो करार केला, त्येंना कुणी हे कळवलं आसंल का रं?"

येडशीच्या त्या म्हाताऱ्यासारखाच मी खाली बघत राहिलो. कुणाला कळवायचं, मलाही माहीत नव्हतं.