बटाट्याने ओढलेलं मीठ

डहाणूला उतरलो तेव्हा वाऱ्यालाच सुक्या मासळीचा वास होता. पुढे कासा, सायवन करत तलासरीकडच्या वेवजीपर्यंत जायचं होतं. पहिला मुक्काम ओळखीतून मिळाला होता, मच्छीमारांच्या वस्तीत जमनाताईंच्या घरी. दारात काठ्यांवर बोंबील वाळत होते आणि ओट्यावर ताईंचे यजमान बसले होते, पाय सुजून टम्म झालेले. जन्मभर होडीवर गेलेला हा माणूस आता मोरीपर्यंत जाताना धापा टाकत होता. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. नाहीतर पाणी छातीत चढेल, असं बजावलं होतं.

दुपारी ताईंनी खारं (मीठ भरून वाळवलेली मासळी) आणि बटाट्याचा रस्सा केला. वाढताना त्यांनी बटाट्याच्या फोडी वेचून माझ्या ताटात टाकल्या. मासा आणि रस्सा यजमानांना.

"बटाटा मीठ ओढून घेतो," त्या म्हणाल्या. "यांच्यासाठी मी डबल बटाटे घालते. वरून मिठाचा कण नाय."

भाजी खारट झाली की माझी आईसुद्धा बटाटा टाकायची, त्यामुळे हसायची सोय नव्हती. फोड तोंडात घातली आणि जीभ चरचरली. मग न राहवून मी यजमानांच्या वाडग्यातला चमचाभर रस्सा मागून घेतला. तोही खारटढोण होता.

"ताई, यात मीठ तसंच आहे. बटाट्यानं थोडं ओढलं असेल, पण सगळं नाही."

त्यांनी बोट बुडवून चाखलं. "फिकं आहे, भाऊ. तुम्हा शहरातल्यांना काय पण खारं लागतं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. लहानपणापासून खाऱ्या मासळीवर वाढलेल्या जिभेला ते मीठ कळतच नव्हतं.

"एवढंच एक चवीचं मिळतं," यजमान मान वर न करता म्हणाले. "ते पण काढू नका."

डॉक्टरांना निदान मासळीचं विचारा, असं मी दोनदा सांगितलं. ताई "विचारू" म्हणाल्या, आणि त्यांनी यजमानांना आणखी रस्सा वाढला. मला त्यांचा राग आला. पाहुण्यानं किती बोलायचं, म्हणून गप्प बसलो.

कासाहून खच्चून भरलेल्या जीपनं सायवनला गेलो. तिथे एका शेतकऱ्याच्या घरी नागलीची (नाचणीची) भाकर आणि उकडलेले बटाटे मिळाले. घरची बाई चिमटीत मीठ धरून म्हणाली, "किती घालू?" मी नको म्हणालो. पुढे वेवजीला एका चहावाल्याशी अर्धं गुजराती, अर्धं मराठी बोलत बसलो, पण डोक्यातून तो वाडगा जात नव्हता.

पंधरा-सोळा दिवसांनी परतताना पुन्हा डहाणूत थांबलो. ओटा रिकामा होता. मी निघाल्यावर तिसऱ्याच रात्री यजमानांना श्वास घेता येईना, आणि दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले, असं शेजारणीनं सांगितलं. सुतक आदल्या दिवशी फिटलं होतं. तोवर रिवाजाप्रमाणे शेजारच्या घरांतून अळणी जेवण येत होतं, बिनमिठाची डाळ आणि बिनमिठाचा बटाटा.

आत ताईंनी आज पहिल्यांदा चूल पेटवली होती. पातेल्यात तोच रस्सा होता. त्यांनी चमचाभर माझ्यापुढे धरला.

"चाखा, भाऊ."

चाखला. तसाच होता, खारटढोण.

"फिका आहे, ताई," मी म्हणालो.

"नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "इतके दिवस अळणी खाल्लं ना. आज मला मीठ लागलं."

मग त्यांनी तो रस्सा स्वतःच्या ताटात घेतला आणि सगळा संपवला. मला थांबवता आलं नाही.

घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात आमची आमटी खारट झाली. बायको बटाटा सोलायला बसली. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि आमटी ओतून दिली.