घिवलीच्या बोटीवरचा फाटका आवाज

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी साडेनऊला घिवलीच्या एका बोटीचं इंजिन समुद्रात बंद पडलं. बोटीत चौघे होते. मोबाइलला रेंज नव्हती, वायरलेस चालू होता.

त्या वायरलेसला जादा अॅम्प्लिफायर आठवड्यापूर्वी मीच बसवला होता. बोईसरला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. "आवाज लांब जायला पायजे," बोटीचा प्रमुख असलेला तांडेल म्हणाला होता, म्हणून माइकचा गेनही, म्हणजे आवाज उचलण्याची ताकद, मी पूर्ण वाढवला. बोट धक्क्याला उभी असताना चाचणी घेतली. तो हळू बोलला, आवाज स्वच्छ आला. समुद्रात इंजिनाच्या आवाजावर ओरडूनच बोलतात, हे माझ्या लक्षात आलं नाही.

तांडेलाच्या बायकोचा फोन आला. "भाऊ, आवाज मोठा हाय, पण बोलणं कळत नाय."

मी मोटारसायकलवर घिवलीला पोहोचलो. तांडेलाच्या घरी ठेवलेल्या वायरलेस सेटमधून नुसती खरखर फुटत होती. आसपासच्या बोटी मदतीला निघायला तयार होत्या, पण त्यांनाही बोटीच्या ठिकाणाचे जीपीएसचे आकडे कळत नव्हते. त्यातला एक आकडा पाच की सात, यावरच सगळं अडलं होतं.

अॅम्प्लिफायर आत आलेला आवाज एका मर्यादेपर्यंतच त्याच प्रमाणात मोठा करतो. त्यापुढे लहरींचे माथे कापले जातात आणि शब्द फाटतात. इंजिन बंद होतं, तरी तांडेल सवयीने ओरडत होता. न कळल्याचं ऐकून तो आणखी ओरडे.

बायकोचं बोलणं मात्र त्याला नीट ऐकू जात होतं. मी तिला म्हणालो, "माइक तोंडापासून वीतभर लांब धरायला सांगा. आणि हळू बोलायला."

तिने माइकचं बटण दाबलं. "अवो, वरडू नका. घरात बोलता तसं बोला."

मग सेटमधून त्याचं बोलणं स्पष्ट आलं, "घरात बोलून देते कवा तू?"

ती हसली नाही. "आकडे सांगा," म्हणाली.

त्याने एकेक आकडा सांगितला. तिने तो कॅलेंडरच्या कडेला लिहिला, पुन्हा वाचून दाखवला, मग दुसऱ्या बोटींना कळवला. अडलेला आकडा पाच नव्हे, सात होता.

दुपारी सव्वातीनला दुसऱ्या बोटीने दोरी बांधून ती बोट किनाऱ्याला आणली. चौघेही उतरले. संध्याकाळी मी अॅम्प्लिफायर काढला आणि गेन निम्म्यावर आणला.