कुंदाचे विमानवाले साहेब

मेघनाचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. कुंदाचं हृदय गेली काही वर्षं कुरकुरत होतं, त्यामुळे मोठा धक्का बसला असं म्हणणं खोटं होईल. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. मी मेथी तशीच ठेवली आणि मुलुंडहून रिक्षा करून नाहूरला तिच्या घरी गेले. त्याला आता काही आठवडे होऊन गेले. तिच्याविषयी लिहायला बसायचं आणि तसंच उठायचं, असं मध्यंतरी कितीदा तरी झालं. आमच्या वयात दुःखाच्या आधी दमणूकच येऊन बसते...

कुंदा परब आणि मी घाटकोपरच्या एका कॉलेजात एकाच वर्षी लागलो. ती इतिहास शिकवायची, मी मराठी. तिचे वडील गिरणी कामगार, मूळचे मालवणकडचे. माझे बाबा माणदेशातून आलेले, रेल्वेच्या वर्कशॉपात. दोघींच्याही घरात कॉलेजात शिकवणारी आमच्याआधी कुणी नव्हती, त्यामुळे स्टाफरूममध्ये आम्ही आपसूक शेजारी बसायला लागलो. कॉलेजवरून विमानं इतकी खालून उतरायला जायची की वर्गात काही ऐकू येत नसे. बाकीचे आम्ही घसा ताणायचो. कुंदा गप्प उभी राहायची आणि विमान गेलं की अर्धं राहिलेलं वाक्य जिथे सोडलं तिथूनच उचलायची. मुलं तिची नक्कल करायची. तिला ते ठाऊक होतं, आवडतही होतं.

तिच्या अभ्यासाचा विषय ऐकून लोक आधी हसायचे. ब्रिटिशांनी सैन्यात पहिल्यांदा विमानं आणली, तेव्हा त्या दलाचे जे अधिकारी झाले, त्यांच्या कारकिर्दी. कुणी घोडदळातून आलेला, कुणी फुग्यातून टेहळणी करणाऱ्या तुकडीतून. चाळिशीच्या आसपास विमान चालवायला शिकलेली ही माणसं, वरिष्ठ ज्यांना वेडे समजत होते. मग पहिलं महायुद्ध आलं आणि बघता बघता त्यांच्या हाताखाली हजारो कोवळी पोरं आली. कुंदाला त्यांच्या पराक्रमात फारसा रस नव्हता. हुकूम देणारा माणूस हुकूम देता देता कसा बदलत जातो, हे तिला बघायचं होतं. तिचे मार्गदर्शक म्हणाले, गिरणगावावर लिहा, तुम्हाला ते घरचंच आहे. तिची आई तर सरळ म्हणायची, "तुका त्या सायबांचा काय पडलाहा?" कुंदा आईचं हसण्यावारी न्यायची. मला मात्र एकदा कँटीनमध्ये म्हणाली, "त्यांनी आपल्यावर एवढं लिहिलं. आपण त्यांच्यावर लिहिलं तर काय बिघडलं गं?"

पुढे तिला लंडनला जाऊन वर्षभर तिथली कागदपत्रं वाचण्याची संधी मिळाली. रजा मंजूर झाली, व्हिसा आला, आम्ही दोघी जाऊन जाड स्वेटर घेऊन आलो. आणि निघायच्या थोडे दिवस आधी श्रीधरभावोजींना, तिच्या नवऱ्याला, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही जवळजवळ गेली. मेघना तेव्हा शाळेत होती. मी म्हटलं, सहा महिने तरी जाऊन ये, माझ्या वहिनीला इथे ठेवू, बाई लावू, काहीतरी करू. ती शांतपणे म्हणाली, "तिकडे बसून माझ्या डोक्यात काय शिरणार आहे?" तिकीट रद्द झालं. स्वेटर मेघनाने कॉलेजात वापरला.

त्यानंतरची वर्षं सगळी सारखीच गेली. सकाळी भावोजींचं सगळं आवरायचं, कॉलेज, येताना औषधं आणि भाजी, मग पुन्हा त्यांचं. मिळतील तिथून पुस्तकं मागवायची, ओळखीचं कुणी इंग्लंडला चाललं की त्याच्याकरवी कागदांच्या नकला आणवायच्या. तिच्या डोळ्यांखाली कायमची काळी वर्तुळं आली. मला वाटायचं, या माणसाच्या खाटेपाशी हिचं सगळं संपलं. रागही यायचा; पण पडून असलेल्या माणसावर रागावून करणार काय... निवृत्तीनंतर एकदाचं पुस्तक पूर्ण झालं. एका प्रकाशकांना ते आवडलं. त्यांची एकच अट होती, पॅराशूटचं प्रकरण गाळायचं. त्या युद्धात फुग्यात बसणाऱ्यांना पॅराशूट मिळत, विमान चालवणाऱ्या पोरांना मिळत नसत. पेटलेल्या विमानातून उडी मारायची किंवा जळायचं, एवढंच त्यांच्या हातात होतं. त्यावर अधिकाऱ्यांनी काय केलं आणि काय केलं नाही, हे त्या प्रकरणात होतं. प्रकाशकांचं म्हणणं, वाचकाला शौर्य हवं असतं, मधेच मूड जातो. कुंदा हस्तलिखित पिशवीत घालून परत घेऊन आली. "हे काढलं तर उरतं काय, विमानांची चित्रं," म्हणाली, आणि चहा टाकायला उठली. दुसरा प्रकाशक तिने शोधला नाही. मीही जोर केला नाही. आम्ही दोघीही तोवर दमलो होतो.

गेल्या रविवारी मी नाहूरला गेले. मेघना सध्या वडिलांजवळ राहते. संध्याकाळ व्हायला लागली तसे भावोजी अस्वस्थ झाले, डाव्या हाताने खाटेशेजारची खुर्ची दाखवू लागले. मला वाटलं, पाणी हवंय. मेघना म्हणाली, "त्यांना वाचून हवंय, मावशी. आई रोज या वेळेला तिचं लिहिलेलं बाबांना वाचून दाखवायची. माझ्याने वाचवत नाही."

एवढ्या वर्षांत कुंदा हे मला कधी बोलली नव्हती. मी खुर्चीत बसले. मेघनाने गठ्ठा आणून दिला, खूण होती तिथून मी सुरुवात केली. पॅराशूटचंच प्रकरण होतं. पोरांना पॅराशूटशिवाय वर पाठवायच्या हुकमावर सही करणाऱ्या एका अधिकाऱ्याविषयी मी वाचलं, "तो निष्ठुर होता." भावोजींनी हात उचलला.

"नाय," ते म्हणाले. मग एकेक शब्द ओढून काढावा तसे, "थकला... होता."

मी मेघनाकडे बघितलं. तिने सांगितलं, या वाक्यावरून आई-बाबांचं दोन संध्याकाळी चाललं होतं. आई बोलायची, बाबा मान हलवायचे. शेवटी आईने मान्य केलं, आणि तिचंही एक पुढे जोडलं. कागदावर दुरुस्त करायचं तेवढं राहून गेलं.

"काय जोडलं होतं?" मी भावोजींना विचारलं.

त्यांना वेळ लागला. ओठ हलत राहिले, कपाळावर घाम आला. मेघना पुढे झाली, पण त्यांनी तिला थांबवलं. ते त्यांना स्वतःच सांगायचं होतं.

"तरी... सही... केली."

मी पर्समधून पेन काढलं. कुंदाच्या ओळीवर काट मारली. वर लिहिलं, "तो थकला होता, आणि तरी त्याने सही केली." कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो बराच वेळ वाचला आणि मान हलवली. मग मी पुढची ओळ वाचायला घेतली.