लॉग फाइलमध्ये साहेब

परवा वाळूजमध्ये माझी अब्रू जाता जाता राहिली...

तिथल्या एका कारखान्यात ट्रकच्या गेटपाससाठी मी जावामध्ये वेब ॲप्लिकेशन केलंय. ते दोनदा बंद पडलं आणि का पडलं ते मला सांगता येईना. तिसऱ्यांदा पडलं तर पुन्हा हाताने लिहायचं रजिस्टर, असं तिथले मॅनेजर साहेब शांतपणे म्हणाले. ते शांतपणे बोलले की मला घाम फुटतो.

मग बसून लॉगिंग लावलं. म्हणजे प्रोग्रॅम प्रत्येक पायरीला काय करतोय, ते एका फाइलमध्ये लिहीत जातो. मी मराठवाड्यातल्या कन्नड गावचा... टेस्टिंगपुरते मेसेज घरच्या भाषेत टाकले. ‘इथवर आलो’, ‘डेटाबेस लई वेळ लावायलाय’. साहेबांना दिसेल ती वस्तू हलवायची सवय, म्हणून एक असाही टाकला... ‘प्रिंटर बोलंना. साहेबांनी कायतरी उपटलं का बघा.’

नंतर बदलू म्हटलं आणि साफ विसरलो. तेच कारखान्यात लाइव्ह गेलं.

परवा दुपारी गेटवरच्या शकीलभाईंचा फोन आला. पास निघेना, ट्रकची रांग लागली होती. मी सवयीने लॉग फाइल उघडायला सांगितलं आणि पुढच्याच क्षणी आठवलं, आत काय लिहिलंय ते. उघडू नका म्हणेपर्यंत त्यांनी उघडली होती. साहेब शेजारीच उभे होते म्हणे.

शहरातल्या शहागंजातून वाळूजपर्यंत गाडीवर मी माफीची भाषणं पाठ करत गेलो. पोचलो तर रांग गायब, पास धडाधड निघतायत. प्रिंटरचा प्लग काढून तिथे कुणीतरी मोबाइलचा चार्जर लावला होता. चार्जर साहेबांचा होता.

साहेब स्क्रीनकडे बघत होते. मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत सगळं इंग्लिशमध्ये करतो.

शकीलभाई म्हणाले, "नका बदलू भाऊ. इंग्लिश असतं तर मी तुमची वाट बघत बसलो असतो. हे वाचलं, सरळ साहेबांकडं बघितलं."

साहेब चार्जर खिशात घालत शांतपणे म्हणाले, "राहू द्या तसंच."

इतकी वर्षं कोड लिहितोय, पण माझं लिहिलेलं कुणीतरी वाचलं आणि त्याचं अडलेलं काम झालं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. माझे पहिले वाचक शकीलभाई... मनापासून आभार.