पासष्ट किलोंचा गट

मी एका माणसाला दोन दिवस उपाशी ठेवलं, त्याला खेळवायचं नाही हे माझ्या मनात पक्कं ठरलेलं असताना.

वरवंडच्या आमच्या कबड्डी संघाचा मी बरीच वर्षं व्यवस्थापक होतो. स्वतः कधी धड खेळलो नाही, पण माणूस हेरता यायचा. गावोगावचे गडी जमवले, करंडक आणले, पुढं जिल्ह्याच्या निवड समितीवरही गेलो. राहू गावचा हा गडी पहिल्यापासून माझ्याकडं. मेंढरांमागं फिरलेल्या घरातला. डाव्या कोपऱ्यात तो उभा असला की चढाई करणारा तिकडं जायला बिचकायचा.

शिरूरच्या स्पर्धेच्या वेळी त्याची तिशी उलटली होती, गुडघा दुखायचा. त्याच्या जागी पाबळचा एक गडी मी गुपचूप ठरवला. पण सामने पासष्ट किलोंच्या गटाचे. पाबळवाल्याचं वजन जास्त भरलं तर हा हाताशी असावा. म्हणून याला म्हणालो, "दोन किलो उतरव. तुझ्याशिवाय संघ नाही."

तो भर उन्हात स्वेटर घालून पळाला. जेवण सोडलं, शेवटी शेवटी पाणीही.

वजनं झाली. दोघंही गटात बसले. मी यादी वाचली. तिच्यात तो नव्हता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "आप्पा, मग आता खाऊ का?"

करंडक आम्हीच जिंकला. तो पुन्हा मैदानावर आला नाही.

गेल्या महिन्यात माझा सत्कार झाला. "खेळाडूंना पोटच्या पोरासारखं जपलं," असं कुणीतरी भाषणात म्हणालं आणि मला खुर्चीत बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच राहू गाठलं. तो झेंडू तोडत होता.

"या आप्पा! सत्काराची शाल कुठं हाय? का आमचं घोंगडं न्यायला आलाय?"

मला हसता आलं नाही. मी शिरूरच्या त्या वजनाचा विषय काढला.

"मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "पाबळवाल्यानंच फोन करून इचारलं, डाव्या कोपऱ्यात उभं कसं ऱ्हायचं म्हणून."

"मग उपाशी कशाला राहिलास?"

"त्याचं वजन बसलं नसतं तर? कोपरा उघडा टाकून खेळला असता व्हय तुमी?"

मी फुलांच्या पाट्यांशेजारी खालीच बसलो.

"माझं चुकलं," म्हणालो. "वगळलं त्याचं नाही म्हणत, ते कधीतरी करावंच लागलं असतं. पण तुला खोटं सांगितलं. माझ्या सोयीसाठी तुला उन्हात पळवलं. आणि तोंडावर सांगायची मला हिंमत झाली नाही. माफ कर मला."